मोटार इस्टार्ट ठेवा, साहेब येऊन राहिलेत

नातवानं परवा नवी मोटार दाखवायला आणली. मला पुढं बसवलं, चावी फिरवली अन् गाडी इस्टार्ट. मी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिलो. म्हणलं, "झालं?" तो म्हणला, "झालं की आजोबा." अरे बाबा, एवढ्या वेळात आम्ही नुसते कोळसा फोडायला बसलेलो असायचो!

निजामाच्या शेवटच्या काळात मी नांदेड–लातूर रस्त्यावर एका शेटजींच्या सर्विस मोटारीवर ड्रायव्हर होतो. तिकडं जर्मनीची लढाई चालू, त्यामुळं पेट्रोल औषधापुरतंही मिळायचं नाही. म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. आताच्या पोरांना हे खोटं वाटतं. मोटारीच्या मागच्या अंगाला माणसाच्या उंचीची लोखंडी भट्टी बसवलेली असायची. तिच्यात लाकडी कोळसा भरायचा, पेटवायचा अन् हातानं पंखा फिरवत बसायचं. आधी नुसता धूर. मग नळीच्या तोंडाशी काडी धरून बघायची. निळी ज्योत धरली की गॅस आला म्हणायचं. त्यानंतर इंजनाच्या तोंडात हँडल घालून फिरवायचं, अन् आपलं नशीब चांगलं असलं तर मोटार इस्टार्ट.

हँडल मारायची एक रीत होती. अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याभोवती मूठ वळायची नाही. इंजनानं उलटा झटका दिला की वळलेली मूठ सुटत नाही अन् मनगट जातं. लोह्याकडच्या एका देशमुखांना हे सांगितलं तर ते माझ्यावरच खवळले. "मला शिकवतो का रे? चार चार बैल आवरतो मी!" म्हणले अन् दोन्ही हातांनी मूठ वळून भिडले. पुढं महिनाभर त्यांचा हात गळ्यात होता. गावात मात्र त्यांनी घोड्यावरून पडलो असं सांगितलं. मोटारीपेक्षा घोड्यावरून पडण्यात इभ्रत जास्त होती म्हणा.

तर हा 'इस्टार्ट' शब्द. आमच्या मुलखात इंग्रजी कुणाला येत नव्हतं. कचेरीत उर्दू, घरात मराठी, देगलूरकडं तेलुगू. पण हा एक शब्द सगळ्यांना पाठ झाला, अन् तो मोटारीच्या तोंडातून उतरून गावभर हिंडायला लागला. जिनिंग इस्टार्ट झाली. वऱ्हाडाचा बाजा इस्टार्ट झाला. सासू-सुनेचं सकाळीच इस्टार्ट झालं. पोराला जुलाब इस्टार्ट झाले. आमच्या गल्लीतली एक म्हातारी तर नवरा घोरायला लागला की "झाली इस्टार्ट मोटर" म्हणून अंगणात येऊन झोपायची.

सरकारी लोकांनी मात्र या शब्दाचं सोनं केलं. कुठं रस्ता इस्टार्ट व्हायचा. म्हणजे काय, तर तालुक्याचे साहेब यायचे, एक खुंटी ठोकायचे, हार घालून घ्यायचे, सरबत प्यायचे अन् जायचे. पुढं त्या खुंटीला लोक शेळ्या बांधायचे. शाळा इस्टार्ट झाली म्हणजे पाटी लागली. दवाखाना इस्टार्ट झाला म्हणजे कुलूप आलं. इस्टार्ट करायची सगळ्यांना हौस. पुढं चालवायचं काम कुणाचं, हे विचारायची पद्धत नव्हती.

अन् मी कशाला कुणाला नावं ठेवू? आमच्या अड्ड्यावर तरी काय होतं! मोटार भरल्याशिवाय सोडायची नाही हा शेटजींचा नियम. पण बंद मोटारीत कोण बसणार? इंजनाचा आवाज ऐकला की गिऱ्हाईक पळत येतं. म्हणून दिवस उगवायच्या आत मोटार इस्टार्ट करून ठेवायची. शेजारी गफूर ड्रायव्हरची मोटार, तीही इस्टार्ट. दोन्ही मोटारी समोरासमोर गुरगुरत उभ्या. कुणी विचारलं, "कवा सुटनार हो?" की आमचे क्लीनर युसूफभाई भट्टीत काटकी खुपसत म्हणायचे, "सुटतीच ना! देखते नै, इस्टार्ट है!" बिचारा माणूस बसायचा. तास गेला, दोन तास गेले, तरी त्याला वाटायचं आपण निघालोच आहोत, कारण बूड हलून राहिलेलं असायचं.

युसूफभाई माझ्याहून वयानं मोठे, मेंदी लावलेल्या दाढीचे. मोटारीवर त्यांचा जीव अन् माझ्यावर दम.

आता पुढच्या सीटचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. ड्रायव्हरच्या बाजूची सीट साहेबांची. तिच्यावर धुतलेली पांढरी चादर घातलेली असायची. कुठल्याही खात्याचा कुणीही साहेब कधीही येईल, म्हणून ती सीट राखून ठेवायची. साहेबाचा चपराशी आधी येऊन सांगायचा, "मोटर इस्टार्ट रखो, साब आ रहे." कोणते साहेब, हे विचारायची रीत नव्हती. छातीवरचा पट्टा दिसला की हात जोडायचे. तो पट्टा मिठाच्या नाक्यावरचा की कोतवालीचा, याची चौकशी करायची म्हणजे आपणच आपल्या परवान्यावर उठायचं.

त्या दिवशी थंडी मरणाची होती. मोटार पेटवून इस्टार्ट केली. सवाऱ्याही लवकर भरल्या. शेवटी एक बाई आली. पन्नाशीची असेल, कपाळ मोकळं, काखेत गाठोडं. मला म्हणली, "बाबा, लातूरला दुपारपतूर पोचंल का रं? माज्या दाव्याची पेशी हाय."

मी म्हणलं, "पोचू की मावशी. बसा."

बसल्या बसल्या तिनं सगळं सांगितलं. नाव गोदाबाई, गाव रेणापूरकडचं. नवरा वारल्यावर दिरानं विहिरीकडचा तुकडा दाबला. हिनं लातूरच्या कचेरीत दावा लावला. पहिल्या पेशीला ही गेली, साहेबाचं तोंड बघून आली, साहेबानं तारीख दिली. पुढं एकदा नदीला पाणी आलं अन् एकदा ताप आला, दोनदा पेशी चुकली. वकिलानं निक्षून सांगितलेलं, आता आली नाहीस तर दावा खारीज. अन् नेमकी याच वेळी लेक नांदेडला बाळंत झालेली, म्हणून ही इकडं.

"तेवढ्या तुकड्यावर माजं पोट हाय, लेकरा," म्हणली. "ते गेलं तर दिराच्या दारात भाकर मागायची. त्यापरास हीर काय वाईट?"

मी म्हणलं, "असं वंगाळ बोलू नका मावशी. निघालोच आपण."

मी क्लच दाबायला पाय उचलला अन् समोरून पट्टा आला. "ठैरो! साब आ रहे. इस्टार्ट रखो."

ठेवली. काय करता?

थोड्या वेळानं मी युसूफभाईंना चौकशीला पाठवलं. ते परत येऊन म्हणले, "साब उठ गए." मोटारीत सगळ्यांना बरं वाटलं. पुढच्या खेपेला खबर आली, साहेब हजामत करून राहिलेत. त्याच्या पुढच्या खेपेला, साहेब नाश्ता करून राहिलेत, सासरवाडी आहे, आग्रह चाललाय. मागं बसलेला एक अडत्या दबक्या आवाजात साहेबाच्या सात पिढ्या काढून राहिला होता. चपराशी मोटारीजवळ आला की तोच अडत्या मोठ्यानं म्हणायचा, "सावकाश येऊ द्या साहेबांना! आम्हाला काही गडबड नाही!"

गोदाबाई तेवढी सारखी उन्हाकडं बघायची. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, रस्त्यावर आलं, मोटारीच्या चाकाला लागलं.

युसूफभाई माझ्या कानाशी आले. "रामभाऊ, कोयला आधा खतम. अब निकले तो अहमदपूर तक जाते, वाँ कोयला मिलता. नै तो इच भट्टी पे रोट्यां सेको."

"अन् साहेबाला सोडलं तर?"

"तो परवाना गया. मेरेकू कायकू पूछते? तुम ड्रायव्हर."

एवढ्यात गोदाबाई गाठोडं घेऊन खाली उतरली अन् लोह्याच्या दिशेनं चालायला लागली. मी ओरडलो, "मावशी, कुठं निघालात?"

"लातूरला."

"चालत? अहो, येड लागलं का! मोटार इस्टार्ट हाय की!"

ती वळली. रागावली नव्हती, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणली, "हाय रं बाबा. सकाळधरनं बघून राहिले. पायानं निदान ते वडाचं वळण तरी मागं टाकीन. तुजी मोटर हितंच गुरगुरून राहिली." अन् गेली.

मला वाटलं, आपण ड्रायव्हर कशाचे, आपण तर साहेबाच्या दारातलं कुत्रं, नुसतं गुरगुरायचं. चपराशी पानवाल्याकडं चुना मागत होता. मी कुणाकडं बघितलं नाही. गेर टाकला अन् मोटार सोडली.

वडापर्यंत मोटारीत एक माणूस श्वास घेत नव्हता. वळण घेतलं, अड्डा दिसेनासा झाला, तेव्हा अडत्या ओरडला, "शाबास रे पठ्ठे! असं पाहिजे! या साहेबलोकांना कुणीतरी धडा शिकवलाच पाहिजे!" मग सगळेच ओरडायला लागले. आधी मात्र प्रत्येकानं एकदा मागं वळून बघितलं होतं.

गोदाबाई रस्त्यात गाठली. मोटारीत दुसरी जागा कुठं उरली होती? तिच्या जागेवर अडत्यानं आपलं बोचकं पसरलेलं. मी म्हणलं, "मावशी, पुढं बसा."

"त्या चादरीवर? नगं बाबा."

"बसा म्हणतो ना!"

बसली. पाय वर घेऊन, गाठोडं पोटाशी धरून, चादर मळू नये म्हणून अशी अवघडून बसली की लातूरपर्यंत तिनं पाठ टेकली नाही. चढ आला की गॅसच्या मोटारीचा दम जायचा, मग पुरुष मंडळी उतरून ढकलायची. तीही उतरायला बघायची. युसूफभाई म्हणायचे, "बैठो अम्मा, तुम आज साब है."

लातूरला पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. मी मोटार अड्ड्यावर लावली अन् तिच्यासोबत कचेरीकडं पळालो. युसूफभाईही मागून आले. बाहेर तिचा दीर बसलेला, फेटा बांधून, वकिलासोबत. हिला बघून त्याचं तोंड उतरलं. मला काय आनंद झाला सांगू! परवाना गेला तर गेला, म्हणलं.

मी पेशकारांना विचारलं, "पुकारा झाला का हो बाईचा?" पेशकार म्हणजे दावे चालवणाऱ्या मुन्सफसाहेबांच्या बाजूला बसून कागद पुढं करणारा कारकून.

पेशकार जांभई देत म्हणले, "पुकारा कसला? मुन्सफसाहेबच आले नाहीत अजून. सासुरवाडीला गेलेत नांदेडला. सकाळच्या पहिल्या मोटारीनं यायचे होते."

युसूफभाई दाढीत बोटं घालून म्हणले, "या अल्ला. रामभाऊ, हम तो कचेरीकूच छोडके आए!"

आता सांगा! जिच्यासाठी साहेबाला सोडलं, ती वेळेवर हजर, अन् साहेब नसल्यानं कचेरीच बंद. हे बाईला सांगायचं धाडस दोघांनाही झालं नाही. ती भिंतीशी शांत बसून होती. साहेब येत नाहीत असं दिसल्यावर दिराचा वकील जेवायला घरी गेला. दीर म्हणला आज काही होत नाही, बाजारात बैलाला घुंगरू बघून येतो.

अन् मग साहेब आले. गफूरच्या मोटारीनं. त्या मोटारीतही पुढची सीट पांढऱ्या चादरीची होती, पण तिच्यावर आधीच एक साहेब बसलेले, आमच्या साहेबांहून मोठे. मग काय, आमच्या साहेबांना थेट मागं, भट्टीच्या पाठीला पाठ लावून बसावं लागलं. शेरवानीची एक बाजू कोळशानं काळी, टोपीवर धूळ, नाकाखाली काजळी. चपराशी मागून झटकत होता तशी ती काजळी अजून पसरत होती. मी दाराच्या मागं सरकलो.

साहेब खुर्चीत बसले अन् सुरुवातच ओरडण्यानं केली. लोकांना वक्ताची कदर नाही, या मुलखाचं वाटोळं याच्यामुळंच झालं, वगैरे उर्दूतून. सगळे माना हलवत होते. मग एकेकाला तारीख द्यायला लागले. तारीख, तारीख, तारीख. गोदाबाईचा पुकारा झाला. दिराच्या बाजूनं कुणी नाही. वकिलाचा कारकून तेवढा उभा राहून पुढची तारीख मागायला लागला, अन् साहेबांनी टाक उचलला.

तेवढ्यात गोदाबाई पुढं झाली. हात जोडले अन् असा खणखणीत आवाज काढला की बाहेरचे लोक दाराशी गोळा झाले.

"हुजूर, मी येळंवर आले बगा! सकाळी नांदेडला कुना एका सायबासाठी मोटर इस्टार्ट ठिवली हुती. त्यो काय येईना. आदी उठंना, मग हजामत, मग खानंपिनं. शेवटी ह्या डायव्हरनं त्याला ठिवला तितंच अन् मला आनलं. देवमानूस हाय! त्यो सायब आजून तितंच जेवत बसला आसंल, हुजूर!"

साहेब हैदराबादचे, मराठी समजत नाही असं सांगायचे. त्यांनी पेशकारांकडं बघितलं. पेशकारांनी कागद सरळ केले अन् तिच्या बोलण्याचा उर्दूत उलथा केला, "हुजूर, औरत कहती है, सवारी वक्त पर मिल गई."

एवढ्या मोठ्या बोलण्याचा एवढा लहान उलथा कुणी ऐकला नसेल. पण साहेबांचे कान लाल झाले होते. त्यांनी दाराकडं बघितलं. मी दारामागं, पण माझे पाय दिसत असणार. मला वाटलं, आता पुकारा माझा. पण करतात काय? 'तो साहेब मीच' म्हणल्याशिवाय मला धरता येत नव्हतं, अन् समोर सगळं लातूर उभं होतं. कोपऱ्यात कुणीतरी फिसकन् हसलं अन् खोकला काढला.

साहेबांनी टाक दौतीत बुडवला. "लिखो," म्हणले. "मुद्दई हाजिर. मुखालिफ गैरहाजिर. तारीख नहीं मिलेगी." म्हणजे दावा लावणारी हजर, समोरचा नाही, तारीख नाही. अन् त्याच बसणीला तिची जबानी घेतली. दीर घुंगरं वाजवत परत आला तेव्हा अंगठा उठवून झाला होता. पुढं थोड्याच दिवसांत विहिरीकडचा तुकडा तिच्या नावावर झाला.

माझं काय झालं? शेटजींनी बोलावलं. "साहेबांचा निरोप आलाय. हा ड्रायव्हर या रस्त्यावर दिसता कामा नये. कारण दिलेलं नाही." मी म्हणलं, "कारण मी सांगू का?" शेटजी म्हणले, "नको, मला मोटारी चालवायच्यात." मग मला उदगीरला धाडलं, धान्याच्या लारीवर. युसूफभाई नांदेडलाच राहिले. निघताना त्यांनी मला आपलं हँडल दिलं, हाताच्या घामानं गुळगुळीत झालेलं. "मेरे बाद वैसा भी कोई मारनेवाला नै," म्हणले. त्या रस्त्याची अन् त्या माणसाची मला अजून आठवण येते. ज्वारीच्या पोत्यांशी काय बोलणार?

निजाम गेला, रूमी टोप्या गेल्या, पांढऱ्या टोप्या आल्या. पुढं सरकारी एस.टी. आली. मी पहिल्यांदा तिच्यात चढलो तर पुढच्या सीटवर लिहिलेलं, आमदारांसाठी राखीव. मी एवढा हसलो की कंडक्टरनं मला दारू प्यायलेला समजून मागं बसवलं.

पण सांगायचं राहिलं ते वेगळंच. उदगीरला गेल्यावर दुसऱ्या सुगीत गोदाबाई मला शोधत मोंढ्यात आली. डोक्यावर ज्वारीचं गाठोडं. "पयल्या राशीतली हाय," म्हणली. "तुला द्यायला पाह्यजे हुती."

मी म्हणलं, "मावशी, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही कचेरीत जे बोललात, त्यात मी मेलो बघा. तो नांदेडचा साहेब म्हणजे तोच मुन्सफ होता. तुम्हाला कुठलं ठाऊक असणार म्हणा."

ती गाठोड्याची गाठ सोडत होती. वर न बघता म्हणली, "ठाऊक न्हाई कसं? पयल्या पेशीला तोंड बघितलं हुतं की त्याचं. अन् त्या दिशी नाकाखाली ही एवढी काजळी. भट्टीजवळ बसून आल्यालं मानूस मला कळंना व्हय? तूच दाराआड लपला हुतास."

मी म्हणलं, "म्हणजे मुद्दाम?"

"त्यो समद्यांला तारीख देऊन राहिला हुता, लेकरा. मलाबी दिली आसती. मग परत कवा येऊ मी? म्हनलं, येळंचं नाव काढावं, मंग कंच्या तोंडानं तारीख दील त्यो?" मग तिचा आवाज खाली आला. "तुजी लाईन जाईल हे मला तवाच कळलं हुतं. तरीबी बोलले मी. त्याचं वाईट वाटतं रं. लई वाटतं."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? दोन सुगी मी त्या रस्त्यासाठी झुरलो होतो. पण समोर ती ज्वारी होती, पांढरी, टपोरी, अन् तिचे हात मातीनं भरलेले होते. स्वतःच्या मातीनं. मी ज्वारी लारीत ठेवली.

म्हणलं, "चला मावशी, टेसनापर्यंत सोडतो. पुढं बसा."

ती लारीजवळ आली, पुढच्या सीटकडं बघितलं अन् थांबली.

"कुनी सायब यायचा हाय का?"

"न्हाई."

"मंग कर इस्टार्ट," म्हणली, अन् या वेळी चांगली पाठ टेकून बसली.